ज्यांच्याकडे कागद होता

मे २००३ मध्ये जगातल्या सुमारे दीड हजार मोठ्या कंपन्यांना एकाच मजकुराचं पत्र गेलं. पाठवणारी कंपनी अमेरिकेतल्या युटाह राज्यातली, नाव एससीओ ग्रूप. पत्राचा मतितार्थ असा: तुम्ही तुमच्या सर्व्हरवर लिनक्स चालवता. त्या लिनक्समध्ये आमच्या मालकीच्या युनिक्सचा कोड परवानगीशिवाय घातलेला आहे. लिनक्स देणाऱ्यांनी तुम्हाला कसलीही हमी दिलेली नाही. तेव्हा उद्या प्रकरण कोर्टात गेलं, तर जबाबदारी वापरणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर, येऊ शकते.

पत्रात पैसे मागितले नव्हते. नेमक्या कोणत्या ओळी चोरल्या, तेही लिहिलं नव्हतं.

असं पत्र कंपनीत शेवटी ज्या टेबलावर पोचतं, त्या टेबलामागच्या माणसाला बहुधा कोड वाचता येत नाही. तो वकील असतो. त्याचे प्रश्न ठरलेले असतात. हे आपल्याला कोणी विकलं? करार कुठे आहे? खटला झालाच तर आपल्या बाजूने कोण उभं राहणार, आणि पैसे कोण भरणार? लिनक्सच्या बाबतीत उत्तरं अशी: कोणी विकलं नाही, इंटरनेटवरून उतरवलं. करार म्हणजे जीपीएल नावाचा परवाना, त्यावर कोणाचीच सही नाही. उभं कोण राहणार, तर कोणीच नाही.

सॉफ्टवेअरचे करार वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम. पुण्यातल्या कुठल्याही कंपनीत आजही हे दृश्य दिसतं. प्रोग्रॅमर म्हणते, 'ही लायब्ररी फुकट आहे, वापरूया.' समोरचा म्हणतो, 'फुकट आहे ते ठीक, पण कागद कुठाय?' प्रश्न शहाणा आहे. पण त्या प्रश्नामागे एक गृहीतक असतं की ज्याचा सहीशिक्क्याचा कागद आहे ते सुरक्षित, आणि ज्याचा नाही ते धोक्याचं. एससीओच्या खटल्याची कागदपत्रं वाचताना मला या गृहीतकाचीच सगळ्यात जास्त गंमत वाटत गेली.

आधी थोडं मागे जायला हवं. युनिक्स १९६९ साली बेल लॅब्जमध्ये जन्माला आलं. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यामागची मुख्य नावं. बेल लॅब्ज ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा, आणि १९५६ मध्ये सरकारशी झालेल्या एका तडजोडीमुळे या कंपनीला टेलिफोनपलीकडच्या धंद्यात उतरायला बंदी होती. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र पैशांत, सोर्स कोडसकट मिळायचं. १९८४ मध्ये एटी अँड टीचं विभाजन झालं, बंधन सैल झालं आणि युनिक्स ही विकायची वस्तू झाली. आयबीएमने १९८५ साली त्याचा परवाना घेतला आणि पुढे त्यावर आपली एआयएक्स ही सिस्टिम उभी केली.

मग मालक बदलत गेले. १९९३ मध्ये नॉव्हेलने एटी अँड टीकडून युनिक्सचा धंदा घेतला. १९९५ मध्ये नॉव्हेलने तो कॅलिफोर्नियातल्या सान्ता क्रूझ ऑपरेशन या कंपनीला विकला. निदान सगळ्यांना तसं वाटलं. २००१ मध्ये सान्ता क्रूझकडून तो कॅल्डेरा नावाच्या कंपनीकडे आला. २००२ मध्ये कॅल्डेराला डार्ल मॅकब्राइड हे नवे प्रमुख मिळाले आणि कंपनीने आपलं नाव बदलून एससीओ ग्रूप केलं.

आता ही कॅल्डेरा कंपनी कोण? तर १९९४ पासून लिनक्सच्याच धंद्यात असलेली कंपनी. म्हणजे ज्या कोडवर 'हा आमचा चोरीला गेलेला माल आहे' असा आरोप ती करत होती, तोच कोड ती स्वतः वर्षानुवर्षं जीपीएल परवान्याखाली लोकांना देत आली होती. पत्रं टाकली त्याच आठवड्यात तिने स्वतःची लिनक्सची विक्री थांबवली.

मोठा दावा त्याआधीच, मार्च २००३ मध्ये, दाखल झाला होता. प्रतिवादी आयबीएम, मागणी एक अब्ज डॉलरची. ती वाढत वाढत पाच अब्जांवर गेली. आयबीएमच का? एक तर तिच्याकडे पैसा होता, आणि २००१ या एका वर्षात लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्च करणार असं तिने जाहीर करून टाकलं होतं. यात आयबीएमने डोळे मिटून उडी मारली होती असं नाही. १९९८ मध्ये तिला अपाची हा फुकट वेब सर्व्हर आपल्या उत्पादनात घ्यायचा होता, तेव्हाही अडचण हीच होती की समोर सही करायला कोणी नव्हतं. अपाची म्हणजे ठिकठिकाणच्या प्रोग्रॅमरांचा एक गट. १९९९ मध्ये त्या गटाने अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन अशी रीतसर संस्था नोंदवली. कोड लिहिणाऱ्या स्वयंसेवकांवर वैयक्तिक खटले होऊ नयेत, हा त्यामागचा एक हेतू होता. थोडक्यात, मोठ्या कंपन्यांचा फुकट कोडशी संसार सुरू होताना वकील मांडवात हजर होतेच.

तर, पत्र मिळालेल्या कंपनीने काय करावं? २००३ च्या उन्हाळ्यात सल्लागारांनी दिलेले सल्ले आज वाचले तर हसू येतं, पण त्या वेळी ते गंभीरपणे घेतले जात होते. चित्र स्पष्ट होईपर्यंत महत्त्वाच्या कामांवर लिनक्स वाढवू नका, असा सूर होता. त्यात मायक्रोसॉफ्टने मे महिन्यातच एससीओकडून युनिक्सचा परवाना विकत घेतला. एवढी मोठी कंपनी पैसे मोजते म्हणजे काहीतरी तथ्य असणार, असं लोकांना वाटलं. लिनक्सचा सगळ्यात मोठा स्पर्धक पैसे देतोय, तेव्हा त्याचा हेतू काय असेल, असंही काहींना वाटलं. वर्षाच्या सुरुवातीला दोन डॉलरच्या आत असलेला एससीओचा शेअर ऑक्टोबरपर्यंत वीस डॉलरच्या आसपास गेला.

ऑगस्टमध्ये एससीओने भीतीला किंमत लावली. लिनक्स चालवणाऱ्या सर्व्हरच्या एका प्रोसेसरमागे ६९९ डॉलर. आत्ता भराल तर हा सवलतीचा दर, नंतर १,३९९. मला या आकड्याचं कौतुक वाटतं. तो अतिशय हुशारीने निवडलेला आहे. ज्या कंपनीकडे चार सर्व्हर आहेत, तिला वकिलाची एक बैठकसुद्धा याहून महाग पडली असती. आरोप खरा की खोटा हे तपासण्यापेक्षा पैसे देऊन मोकळं होणं स्वस्त पडावं, अशा बेताने ती रक्कम ठेवलेली दिसते.

त्याच महिन्यात लास व्हेगासला एससीओचं संमेलन भरलं. तिथे पडद्यावर पुरावा दाखवण्यात आला: डावीकडे युनिक्सचा कोड, उजवीकडे लिनक्सचा. आपलं गुपित फुटू नये म्हणून काही ओळींमधली अक्षरं बदलून ग्रीक करून ठेवली होती. कोणीतरी त्या पडद्याचे फोटो काढले, एका जर्मन प्रकाशनाने ते छापले आणि जगभरच्या प्रोग्रॅमरांनी दोन-तीन दिवसांत ती ग्रीक अक्षरं उलट फिरवून मूळ कोड शोधून काढला. तो मेमरी वाटून देणारा, १९७० च्या दशकातला जुनापुराणा कोड निघाला. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने तो लिनक्सच्या एका कोपऱ्यात आणला होता. आणि मुख्य म्हणजे, प्राचीन युनिक्सचा तो सगळा कोड जानेवारी २००२ मध्ये खुद्द कॅल्डेरानेच खुल्या परवान्याखाली सर्वांना देऊन टाकला होता.

डिसेंबरमध्ये एससीओने आणखी पत्रं पाठवली. या वेळी पासष्ट फाइलींची यादी होती. लिनस टोरवाल्ड्सने यादी बघून सांगितलं की यातल्या काही फाइली तर मी स्वतः, लिनक्सच्या अगदी पहिल्या आवृत्तीसाठी लिहिल्या होत्या. हे सगळं उघड्यावर चाललं होतं. पामेला जोन्स या कायदेविषयक मदतनीस म्हणून काम करणाऱ्या बाईंनी मे २००३ मध्ये ग्रोकलॉ ही साइट सुरू केली. कोर्टात दाखल होणारा एकेक कागद तिथे यायचा आणि वाचकांतले जुने युनिक्सवाले आपापल्या माळ्यावरची चोपडी काढून तो तपासायचे. एरवी वकिलांची फौज लावून जे काम करावं लागतं, ते ही माणसं रात्री जेवण झाल्यावर हौसेने करत होती.

पण कंपन्यांचे वकील ग्रोकलॉवर विसंबून निर्णय घेणार नव्हते. त्यांना कोड चोरलाय की नाही यापेक्षा, चोरलेला निघाला तर भरपाई कोण देणार, हे कळायला हवं होतं. करारांच्या भाषेत याला इंडेम्निटी म्हणतात: तुमच्यावर दावा झाला तर तो आम्ही लढू आणि नुकसान आम्ही सोसू. सप्टेंबर २००३ मध्ये एचपीने आपल्याकडून लिनक्स घेणाऱ्यांना ती देऊ केली. अट अशी की सोर्स कोडला हात लावायचा नाही. ही अट वाचून मी क्षणभर थांबले होते. कोड उघडून बदलता येतो, हीच तर या सॉफ्टवेअरची खुबी. सुरक्षितता हवी असेल तर तो बंद डब्यासारखा वापरा, असा त्याचा अर्थ झाला. जानेवारी २००४ मध्ये नॉव्हेलने आपल्या सुसे लिनक्ससाठी इंडेम्निटी जाहीर केली. रेड हॅटने वेगळी हमी दिली: वादग्रस्त कोड सापडलाच तर तो बदलून देऊ. लिनक्स वापरणाऱ्यांवर खटले झाले तर लढायला एक कोटी डॉलरचा निधी उभारायचं ठरलं. आयबीएमने मात्र ग्राहकांना इंडेम्निटी दिली नाही. तिचं म्हणणं, आरोपात दम नाही, मग विमा कशाला?

काहींनी पैसे भरलेही. ह्यूस्टनच्या ईव्ही१ सर्व्हर्स या होस्टिंग कंपनीने मार्च २००४ मध्ये एससीओचा परवाना घेतला. काही महिन्यांनी तिच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं की पुन्हा वेळ आली तर मी असं करणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. मार्च २००४ मध्ये एससीओने अखेर लिनक्स वापरणाऱ्या कंपन्यांना कोर्टात खेचलं. दीड हजारांतून निवडल्या दोन. एक ऑटोझोन, गाड्यांचे सुटे भाग विकणारी दुकानांची साखळी. दुसरी डेमलर-क्रायस्लर, गाड्या बनवणारी. बातम्यांत मथळे आले की लिनक्स वापरणाऱ्यांवर खटले सुरू झाले. पण दाव्याचे कागद वाचले तर काय दिसतं? ऑटोझोन ही एससीओची जुनी गिऱ्हाईक होती. तिने एससीओचं ओपनसर्व्हर सोडून लिनक्स घेतलं, आणि ते करताना जुन्या सॉफ्टवेअरचे भाग वापरले असा आरोप होता. डेमलर-क्रायस्लरकडे युनिक्सचा जुना परवाना होता. त्यातल्या एका कलमानुसार ती कराराचं पालन करते असं लेखी प्रमाणपत्र तिने द्यायचं होतं. एससीओने ते मागितलं, ते वेळेत आलं नाही, म्हणून दावा. कंपनीचं उत्तर साधं होतं: ते सॉफ्टवेअर वापरणं आम्ही सात वर्षांपूर्वीच बंद केलंय. जुलै २००४ मध्ये मिशिगनच्या न्यायाधीशांनी दावा जवळपास पूर्ण काढून टाकला. उत्तर द्यायला उशीर झाला का, एवढाच मुद्दा शिल्लक राहिला. ऑटोझोनचा दावा नेवाडाच्या कोर्टाने इतर खटल्यांचा निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवला.

आयबीएमचंही तेच. तिच्यावरच्या दाव्याचा कणा होता १९८५ चा परवाना. एससीओचं म्हणणं असं की आयबीएमने एआयएक्समध्ये स्वतः लिहून घातलेला कोडसुद्धा त्या करारामुळे बांधलेला आहे, तो तिने लिनक्सला द्यायला नको होता. खरं तर आयबीएमने स्वतः केलेली भर आयबीएमचीच राहील, असं त्याच वर्षी एटी अँड टीने तिला लेखी देऊन ठेवलं होतं. आणि चौथा प्रतिवादी नॉव्हेल. त्याच्याशी भांडण १९९५ च्या खरेदीखतावरून.

हे चारही जण पुन्हा पाहा. आयबीएम, नॉव्हेल, ऑटोझोन, डेमलर-क्रायस्लर. चौघांकडेही सहीशिक्क्याचे करार होते. ज्याने कधीच युनिक्सचा कागद केला नाही, लिनक्स नुसतं उतरवून घेतलं, अशा एकाही कंपनीला एससीओने कोर्टात ओढलं नाही. त्यांना फक्त पत्रं गेली. धरायला जागा लागते, आणि ती जागा जुन्या, पैसे देऊन घेतलेल्या, वकिलांनी तपासलेल्या परवान्याने दिली होती. ज्या रकान्यात कंपन्या 'जोखीम नाही' असं लिहीत होत्या, त्याच रकान्यातून समन्स आलं.

आणि खरेदीखताचं काय झालं? आपल्याकडे जमिनीच्या वादात शेवटी सगळे सातबारा काढायला जातात. इथे ते १९९५ च्या कराराच्या परिशिष्टात गेले. वगळलेल्या मालमत्तेच्या यादीत तिथे चक्क कॉपीराइट लिहिलेले होते. सान्ता क्रूझकडे पूर्ण किंमत रोख द्यायची ऐपत नव्हती. त्यामुळे जुन्या युनिक्सच्या रॉयल्टीचा ९५ टक्के वाटा नॉव्हेलकडेच राहिला, आणि मालकीही तिने हातची सोडली नाही. वहिवाट एकाची, सातबारा दुसऱ्याच्या नावावर. नॉव्हेलने २८ मे २००३ रोजी, म्हणजे पत्रं गेल्यावर दोन आठवड्यांत, हे जाहीरपणे सांगितलं होतं. एससीओने १९९६ ची एक दुरुस्ती दाखवून ते खोडून काढायचा प्रयत्न केला. १० ऑगस्ट २००७ रोजी न्यायाधीश डेल किम्बल यांनी निकाल दिला: कॉपीराइट नॉव्हेलचे. पुढची सुनावणी सुरू व्हायच्या तोंडावर, १४ सप्टेंबरला, एससीओने दिवाळखोरीचा अर्ज केला. अपिलात हा प्रश्न ज्यूरीने ठरवावा असं ठरलं, आणि ३० मार्च २०१० रोजी ज्यूरीनेही नॉव्हेलच्याच बाजूने कौल दिला.

किम्बल यांनी २००५ च्या फेब्रुवारीतच आयबीएमच्या खटल्यात नोंदवून ठेवलं होतं की एससीओने बाहेर केलेले आरोप आणि कोर्टात आणलेला पुरावा यांतलं अंतर थक्क करणारं आहे.

म्हणजे ओपन सोर्समध्ये कायदेशीर धोका नव्हताच का? होता. पण तो पत्रात लिहिलेला नव्हता. एससीओने दावा दाखल केला त्याच मार्च २००३ मध्ये सिस्कोने लिंकसिस ही घरगुती राउटर बनवणारी कंपनी सुमारे ५० कोटी डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. जूनमध्ये एका प्रोग्रॅमरने तिचा निळा-काळा राउटर तपासला आणि विचारलं, यात लिनक्स आहे, मग जीपीएलप्रमाणे याचा सोर्स कोड कुठे आहे? लिंकसिसने चिप दुसऱ्याची घेतली होती, तिच्यावर चालणारं सॉफ्टवेअर तिसऱ्याने बनवलं होतं, आणि या साखळीत कोणीच परवाना पुढे सरकवला नव्हता. सिस्कोने घेतलेल्या घराबरोबर ते देणंही आलं. शेवटी कोड उघड करावा लागला. त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी जन्मलं. तरीही इतर उत्पादनांबाबत तक्रारी राहिल्या आणि डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा केला. मे २००९ मध्ये तडजोड झाली. इथे कोणी गुपचूप काही चोरलं नव्हतं. फुकट मिळालेल्या वस्तूबरोबर आलेली चिठ्ठी कोणी वाचली नव्हती, एवढंच. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये कायदेशीर माहिती असा एक रकाना आहे. तिथे परवान्यांची न संपणारी यादी दिसते. ती चिठ्ठी म्हणजे हीच.

एससीओच्या धसक्याने एक गोष्ट मात्र कायमची बदलली. मे २००४ मध्ये टोरवाल्ड्सने नियम आणला की लिनक्समध्ये कोड पाठवणाऱ्याने खाली आपल्या नावाची एक ओळ लिहायची. हा कोड मी लिहिलाय, किंवा मला तो देण्याचा हक्क आहे, अशी त्या ओळीने ग्वाही द्यायची. तेव्हापासून कर्नलमधल्या बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' असं लिहिलेलं असतं. आमच्यासारख्यांनी काढलेले वीस-वीस पानांचे फॉर्म मी पाहिलेत. ही एक ओळ त्यांच्याइतकंच काम करते, आणि प्रोग्रॅमर ती कटकट न करता लिहितात.

खटला मात्र संपायला तयार नव्हता. एससीओचा धंदा विकला गेला, ऑफिसं गेली, उरला दिवाळखोरीचा विश्वस्त आणि आयबीएमवरचा दावा. २०१७ मध्ये अपील कोर्टाने त्यातला एक तुकडा पुन्हा जिवंत केला. २०२१ मध्ये आयबीएमने १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलर देऊन विषय मिटवला. मागणी होती पाच अब्जांची. त्याच वर्षी, तडजोडीची शाई वाळायच्याही आधी, झिन्यूओस नावाच्या कंपनीने आयबीएम आणि रेड हॅटवर नवा दावा लावला. एससीओचं युनिक्स २०११ मध्ये तिने विकत घेतलं होतं. तिच्याकडेही अर्थातच खरेदीचा कागद होता.